काळ्या डोक्याच्या बदकामागे पाम्पात

शनिवार, बुएनोस आयरेस

भाचा केव्हापासून बोलावतोय म्हणून यंदाची दिवाळी तिकडे, असं घरी सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण अर्जेंटिनाच्या तिकिटाचे पैसे भरताना माझ्या डोळ्यांपुढे भाचा नव्हता, एक बदक होतं. काळ्या डोक्याचं बदक, शास्त्रीय नाव हेटेरोनेटा अ‍ॅट्रिकॅपिला. लांबी चाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर, वजन अर्ध्या किलोहून थोडं जास्त, अंग मातकट. नराचं डोकं तेवढं काळं. मादीकडे तर कोणी वळूनही बघणार नाही.

मग त्याच्यासाठी एवढा खटाटोप का? बदकं, हंस, कलहंस मिळून जगात दीडशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या बऱ्याच जणी संधी मिळाली की शेजारणीच्या घरट्यात एखादं अंडं टाकून येतात. पण स्वतःचं घरटं कधीच न बांधणारी, एकूण एक अंडं दुसऱ्याच्याच घरट्यात घालणारी बदकाची जात एवढी एकच. आपल्याकडची कोकिळा कावळ्याच्या घरट्याशी जे करते, ते ही पाणथळीत करते. आणि करून कुणाचं फारसं बिघडवत नाही, हा त्यातला मला ओढून नेणारा भाग.

हे बदक राहतं दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात, मुख्यतः अर्जेंटिना, चिली, उरुग्वे, पॅराग्वेच्या आसपास. सुदैवाने बुएनोस आयरेस शहरातच त्याचा एक पत्ता आहे: कोस्तानेरा सुर ही नदीकाठची राखीव पाणथळ. सकाळी फाटक उघडायच्या वेळी आम्ही तिथे हजर. भाच्याला शनिवारी इतक्या लवकर उठायची सवय नाही, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

जागेची गोष्ट गमतीची आहे. १९१८ साली इथे नदीवर पोहायला येणाऱ्यांसाठी थाटात किनारा बांधला. पुढे रिओ दे ला प्लाताचं पाणी इतकं घाण झालं की लोक यायचे बंद झाले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी, लष्करी राजवटीत, शहरातून हमरस्ते काढण्यासाठी घरं पाडली गेली आणि तो सगळा राडारोडा इथे नदीत आणून टाकला. तिथे सरकारी इमारती उठवायचा बेत होता. तो १९८४ मध्ये बारगळला. तोवर भरावांच्या मधल्या खोलगट जागेत पाणी साठलं होतं, पाणकणीस उगवलं होतं आणि पाखरं बोलावणं न करता येऊन राहिली होती. १९८६ साली त्याला राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. साडेतीनशे हेक्टर. विटांचे गुळगुळीत झालेले तुकडे अजून पाण्याच्या काठी दिसतात, एखाद्याच्या न्हाणीघराची निळी फरशीही.

फाटकापासून थोडं आत गेलं की ‘ओलावाभूमी कायदा आत्ता’ असं भिंतीवर रंगवलेलं दिसतं. पाणथळींच्या रक्षणाचा कायदा इथल्या संसदेत २०१३ पासून येतोय, एका सभागृहात पास होतो, दुसऱ्यात मुदत संपून मरतो, पुन्हा नव्याने येतो. आपल्याला त्यात अनोळखी वाटावं असं काही नाही.

पाण्यावर पहिल्यांदा दिसले ते वारकरी पक्षी. तेच आपले काळे, कपाळावर टिळा लावलेले. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात ते पाहत नाशिककरांचा जन्म जातो. इथे मात्र त्यांच्या तीन जाती एकाच पाण्यात फिरतात, आणि टिळ्याच्या रंगावरून त्या ओळखायच्या. लाल टिळ्याचा, पिवळ्या टिळ्याचा पण पायाला लाल पट्टा असलेला आणि पंखात पांढरं असलेला लहानखुरा. मी तिन्ही नीट लिहून घेतले, कारण पुढच्या आठवड्याचं सगळं भांडवल तेच होतं. काळ्या डोक्याच्या बदकाची मुख्य गिऱ्हाइकं म्हणजे हे लाल टिळ्याचे आणि लाल पट्ट्याचे वारकरी.

बाकी गुलाबी चोचीची बदकं भरपूर. नर काळा कुळकुळीत, चोच लिपस्टिक लावल्यासारखी, मुळाशी फुगलेली. आपल्याकडे थंडीत येणारी मोठी लालसरी याच कुळातली. पाण्यावर लटकलेल्या पांगाऱ्यासारख्या झाडाला लालभडक फुलं आली होती. हा सेइबो, अर्जेंटिनाचं राष्ट्रीय फूल, आणि पांगाऱ्याचा सख्खा नातलग. काठावर कोइपू नावाचा मांजराएवढा उंदीर नारिंगी दात दाखवत गवत खात बसला होता. भाचा त्यावर खूष.

काळ्या डोक्याचं बदक काही दिसलं नाही. अकरा वाजले, ऊन चढलं, बाहेर गाड्यांवर चोरिपानचा, म्हणजे सॉसेज घातलेल्या पावाचा, धूर सुरू झाला. भाचा तिकडे गेला. मी पिशवीतली चकली काढली.

रविवार

आज बदकांना सुट्टी. सान तेल्मोचा रविवारचा बाजार झाला, नीलमोहराची झाडं नुकती फुलायला लागलेली पाहून झाली. हॉर्नेरो हा इथला राष्ट्रीय पक्षी. त्याचं मातीचं, भट्टीच्या आकाराचं घरटं दिव्याच्या खांबावर दिसलं. बाजाराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गर्दी सगळीकडे सारखीच.

लिहायचं ते एकच. भाच्याच्या इमारतीसमोरच्या चौकात एक चिंगोलो, म्हणजे डोक्यावर तुरा असलेली चिमणीएवढी पक्षीण, आपल्याहून थोराड करड्या पिल्लाला भरवत होती. पिल्लू पंख थरथरवत मागे मागे. ते तिचं नव्हतंच. तोर्दो नावाचा चकचकीत काळा पक्षी तिच्या घरट्यात अंडं घालून गेला होता. तोर्दोची मादी नुसती अंडं घालून थांबत नाही, घरट्यातल्या अंड्यांना टोचे मारून भोकंही पाडते. तोर्दोचं पिल्लू पोसायचं काम मग चिंगोलोचं.

“कोकिळेसारखंच की,” भाचा म्हणाला.

“कोकिळेचं पिल्लूही कावळ्याकडून आठवडेच्या आठवडे खाऊन घेतं. पण आपलं बदक तसलं नाही.”

“आपलं?”

“बघशील.”

सोमवार, चासकोमुस

बुएनोस आयरेस सोडून ऑटोविया २ या हमरस्त्याने दक्षिणेला निघालं की तासाभरात पाम्पा, म्हणजे इथला गवताळ मैदानी प्रदेश, लागतो आणि जमीन इतकी सपाट होते की डोळ्याला अडायला काही उरत नाही. गाई, तारेचं कुंपण, लांबवर निलगिरीच्या झाडांचा एखादा पुंजका, त्याच्या आत कुणाची तरी एस्तान्सिया, म्हणजे गुरांची मोठी वाडी, परत गाई. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाला सुरुवातीला थोडं चुकल्यासारखं होतं. कुंपणाच्या खांबांवर टिटवीची इथली बहीण तेरो, अंगापेक्षा आवाज मोठा. शेतातल्या डबक्याकाठी चाहा नावाचा पक्षी: टर्कीएवढा, पंखांना काटे असलेला, आणि दिसण्याचा काही संबंध नसला तरी बदकांच्याच गोतावळ्यातला.

चासकोमुस एकशेवीस किलोमीटरवर. गाव ठेंगणं, नीटनेटकं, तळ्याला चिकटलेलं. १९८३ साली लष्करी राजवट संपल्यावर निवडून आलेले अध्यक्ष राउल अल्फोन्सिन याच गावचे. तळं प्रचंड आहे, पण बहुतेक ठिकाणी पुरुषभर पाणीही नाही. पाम्पातली सगळी तळी अशीच, परातीसारखी. उथळ असल्यामुळे तळापर्यंत ऊन पोहोचतं, वनस्पती माजतात, आणि म्हणून पाखरं.

काळ्या मानेचे हंस होते. एका मादीच्या पाठीवर पिसांत दडलेली दोन पांढरी पिल्लं, फक्त डोकी बाहेर. अडईचा एक थवा शिट्ट्या घालत डोक्यावरून गेला आणि पाण्यावर उतरल्यावर मी स्कोप, म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, लावला: मोठी अडई! हीच जात आफ्रिकेत आहे, हीच आपल्याकडे भारतात. वाटेत अख्खा अटलांटिक असून दिसण्यात तसूभर फरक नाही. उगाचच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं.

आणि निळ्या चोचीचं, शेपटी ताठ उभी करून फिरणारं एक तांबूस बदक. हे काळ्या डोक्याच्या बदकाचं जवळचं नातेवाईक, ताठ शेपटीच्या कुळातलं. २००१ साली याच्याबद्दल ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण आलं होतं आणि जगभरातल्या पक्षिप्रेमींत त्याची चर्चा झाली होती. याच्या नराचं लिंग ४२.५ सेंटिमीटर भरलं, जवळजवळ त्याच्या स्वतःच्या लांबीएवढं, पक्ष्यांमधला विक्रम. आता ही माहिती भाच्याला सांगावी की नाही यावर मी थोडा वेळ विचार केला. बत्तीस वर्षांचा घोडा आहे, सांगून टाकली. तो स्कोपमधून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “मावशी, तुमच्या ग्रुपमध्ये हेच बोलता होय गं?”

काळं डोकं इथेही नाही. तळं फार उघडं आहे. या बदकाला उघडं पाणी आवडत नाही; त्याला हवी असते लव्हाळ्या-पाणकणसाची दाटी आणि त्यात मध्ये मध्ये पाण्याच्या वाटा.

मंगळवार, हेनेराल लावायेच्या वाटेवर

दोलोरेस गावानंतर रुता ६३, म्हणजे ६३ नंबरचा रस्ता, घेतला, एस्किना दे क्रोत्तोला रुता ११ वर लागलो. इथून पुढे साम्बोरोम्बोनच्या उपसागराचा प्रदेश. नकाशावर बुएनोस आयरेसच्या खाली किनारा आत वळलेला दिसतो तो हा. १९९७ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे. पाम्पातलं हरीण, वेनादो, ज्या मोजक्या जागी अजून तग धरून आहे त्यांतली ही एक, आणि त्याच्यासाठी २००९ साली काम्पोस देल तुयू राष्ट्रीय उद्यान केलं.

पाणी इथे का साठतं हे गाडीतून बघूनच कळतं. साऱ्या सालादो नदीच्या खोऱ्याला उतार असा नाहीच. पाऊस पडला की पाणी कुठे जायचं ते न कळून जागच्या जागी पसरतं. रस्ता त्यातून काढायचा तर उंच करावा लागतो, उंच करायला माती लागते, आणि ती माती दोन्ही बाजूंनीच खणून घेतली आहे. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कुंपणाच्या आत, मैलोगणती लांब चर तयार झालेत. त्यांत बारमाही नाही तरी वर्षातला बराच काळ पाणी असतं आणि लव्हाळी माजलेली असतात. मोठमोठ्या नावाजलेल्या तळ्यांपेक्षा हे बांधकाम खात्याचे खड्डे पाखरांना जास्त पसंत आहेत. मला वाटतं, हे जगातलं सर्वांत स्वस्तातलं पक्षी अभयारण्य असावं.

पण तेही पावसाच्या मर्जीवर. २०२० ते २०२३ लागोपाठ तीन ला निन्यांनी, म्हणजे प्रशांत महासागर थंड पडून इथला पाऊस ओढून धरणाऱ्या वर्षांनी, पाम्पा वाळवून टाकला. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी सांगितलं, त्या वर्षांत समोरच्या चरात गाई उभ्या असायच्या आणि माती भेगाळली होती. यंदा पाणी गुडघ्याच्या वर होतं.

रात्री गावातल्या एकुलत्या एक उघड्या खाणावळीत माझ्यासारख्या शाकाहारी बाईला काय मिळणार, ही चिंता होती. पण आज २९ तारीख, आणि अर्जेंटिनात महिन्याच्या २९ ला न्योकी खायची पद्धत आहे. बटाट्याच्या पिठाच्या लहान लहान गोळ्या, वर टोमॅटोचा रस. ताटाखाली नोट ठेवायची म्हणजे पुढचा महिनाभर पैशाची बरकत राहते. पगार संपत आलेला असायचा तेव्हा स्वस्तात पोट भरायची ही इटालियन लोकांची युक्ती. भाच्याने हजार पेसोची नोट ठेवली आणि लगेच खिशातही घातली. इथल्या महागाईत तिने काय बरकत यायची, असं त्याचं म्हणणं.

बुधवार, हेनेराल लावाये

उजाडायच्या आत निघालो. बरोबर गावातल्या एक शिक्षिका होत्या. इथल्या पक्षिनिरीक्षक क्लबात असतात. १९१६ साली स्थापन झालेल्या ‘आवेस अर्जेंतिनास’ या संस्थेचे असे क्लब देशभर गावोगाव आहेत. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात माते, म्हणजे पानांचं चहासारखं इथलं पेय. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी पहिला घोट मला दिला. कडू, गवताळ, गरम. नळी एकच, सगळ्यांनी तीच ओढायची. आपण उष्टं म्हणतो त्याची इथे खिजगणती नाही. मी पटकन प्यायले.

त्या स्पॅनिशमध्ये बोलत, भाचा मराठीत सांगत होता. त्याला पाखरांची मराठी नावं येत नाहीत आणि मला स्पॅनिश. तरी काम चाललं.

कोनेसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मोरीजवळ गाडी थांबवली. “खाली उतरू नका, काच खाली करा आणि इंजिन बंद,” एवढंच त्या म्हणाल्या. गाडीला इथली पाखरं बिचकत नाहीत, माणसाला बिचकतात. चरात लव्हाळी दाट, माणसाच्या डोक्यावर जाईल अशी. तिच्यात सात रंगांचा एक चिमुकला पक्षी सरसर वर-खाली करत होता, निळा, पिवळा, हिरवा, बुडाशी लाल. त्याला बघायला लोक पैसे खर्चून येतात. मी त्याला दोन मिनिटंही दिली नाहीत.

कारण पलीकडच्या कडेला, लव्हाळीच्या सावलीत, एक बदक चिखलावर चोच फिरवत होतं.

पाण्यात खोल बसलेलं, लांबट अंग. डोकं काळं, मान काळी, बाकी तपकिरी आणि बाजूंना तांबूस झाक. चोच करडी, पण मुळाशी लालसर गुलाबी ठिपका. विणीच्या दिवसांतच नराला हा रंग येतो. ते चोच अर्धी पाण्यात घालून झपाझप चावल्यासारखं करत पुढे सरकायचं, मध्येच थांबायचं. खातं ते बहुतेक लव्हाळीचं बी आणि थोड्या गोगलगायी. मग आतून एक मादी आली. तिला बघताक्षणी तो ताठ झाला, गळा आणि गाल फुगवले. अगदी बेडूक फुगतो तसे, दोन्ही बाजूंनी. मान पुढे, डोकं वर. आतून एक बारीकसा गुरगुराट आणि त्यामागून शिट्टी. आवाज इतका हळू की इंजिन चालू असतं तर कळलंही नसतं. मादीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, सरळ लव्हाळीत घुसली. दोन मिनिटांनी त्याने पुन्हा तेच केलं, समोर कोणीही नसताना.

शिक्षिकाबाई हसत होत्या. “सकाळभर हेच चालतं याचं,” भाच्याने सांगितलं.

मादीला मात्र वेळ नसतो. बांधायला घरटं नाही, उबवायला अंडी नाहीत, पोरं सांभाळायची नाहीत, मग काम काय? दुसऱ्यांची घरटी शोधणं. लव्हाळीत वारकऱ्यांची घरटी, कुठे गुलाबी चोचीच्या बदकाची. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. शराटी, कुरव, रातबगळा, अगदी चिमांगो नावाच्या शिकारी पक्ष्याच्या घरट्यातसुद्धा तिची अंडी सापडली आहेत. शिकाऱ्याच्या घरी अंडं ठेवायचं म्हणजे कमाल झाली.

मोरीच्या कठड्यावरून खाली पाहिलं तर एक लाल टिळ्याच्या वारकऱ्याचं घरटं दिसत होतं. लव्हाळ्याच्या वाळक्या पात्यांचा ढीग, पाण्यावर तरंगता, एका बाजूने चढायला उतरती वाट. वारकरीण उठली, पाती सरळ करायला वाकली, तेवढ्यात आत दिसलं. पिवळसर, तपकिरी ठिपक्यांनी भरलेली अंडी, आणि त्यांच्यात एक सफेद, एकही ठिपका नसलेलं. मी आणि बाई एकमेकींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, बहुतेक तिचंच, पण हातात घेऊन मोजल्याशिवाय मी लिहून देणार नाही. मला ते आवडलं.

याच केप सान आंतोनिओच्या भागात १९६० च्या दशकात मिल्टन वेलर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने या बदकाचा माग काढला. त्यातून कळलं ते असं. साधारण चोवीस दिवसांत पिल्लू बाहेर येतं. बाहेर आल्यावर शेजारच्या अंड्यांना धक्का नाही, पिल्लांना टोचा नाही. एक दिवस, फार तर दोन, वारकरणीच्या पोटाखाली बसतं आणि मग घरट्याच्या कडेवरून पाण्यात उतरून एकटं चालू पडतं. स्वतःचं स्वतः खातं. आई नाही, पाळणारी नाही, भावंडं नाहीत. दुसऱ्याच्या घरट्यात जन्मणाऱ्या पक्ष्यांत इतक्या लवकर स्वतःच्या पायावर उभं राहणारं दुसरं कोणी नाही.

“म्हणजे पीजीत राहणाऱ्या पोरासारखं,” भाचा म्हणाला. “दोन रात्री झोपायला जागा, जेवण बाहेर.”

पण गंमत पुढेच आहे. यजमानाचं काही जात नसताना यजमान ही अंडी ठेवून घेत असतील, असं तुम्हाला वाटेल. मुळीच नाही. ब्रूस लायन आणि जॉन ईडी यांनी दोन्ही वारकऱ्यांच्या घरट्यांवर नजर ठेवली आणि २००४ साली ‘नेचर’मध्ये मांडलं: दोन्ही जाती बदकाची अंडी सर्रास नाकारतात, आणि बदकाची त्यात मोठी नासाडी होते. मग बदकाने हळूहळू वारकऱ्यांसारखी ठिपक्यांची अंडी घालायला शिकावं, जसं कोकिळवर्गातल्या कित्येक जातींच्या अंड्यांचं झालं? तेही त्यांनी तपासलं. अंडं यजमानाच्या अंड्याशी जास्त जुळतं म्हणून बदकाला फायदा होतोय, असं दिसलं नाही.

उत्तर वारकऱ्यांच्याच घरात सापडलं. वारकरणी एकमेकींच्या घरट्यांत अंडी टाकतात. परकं वारकऱ्याचं पिल्लू मात्र भरवावं लागतं, आणि जास्तीचं तोंड म्हणजे आपल्या पिल्लांच्या तोंडचा घास जातो. म्हणून आपली अंडी कोणती, परकी कोणती हे ओळखायला त्या शिकल्या आहेत. ते भांडण त्यांचं आपसातलं. पण डोळा एकदा तयार झाला की तो बदकाच्या निरुपद्रवी अंड्यालाही सोडत नाही. सुक्याबरोबर ओलं जळतं, ते असं. आणि बदकाने कितीही रंग बदलले तरी सुटका कठीण, कारण जी वारकरीण दुसऱ्या वारकरणीचं अंडं ओळखते, तिच्यापुढे हुबेहूब नकलेचाही काय पाड लागणार?

हे सगळं मी गाडीत मराठीत सांगितलं, भाच्याने त्याचं स्पॅनिश केलं, आणि बाई गप्प ऐकत होत्या. त्यांना त्यातलं बरंच माहीत होतं, हे नंतर कळलं. मी कुठे घसरते का, ते त्या बघत होत्या.

दुपारपर्यंत त्याच रस्त्यावर आणखी दोन जोड्या दिसल्या. मादी एकदा उडाली तीही पाहिली: लव्हाळीच्या शेंड्यांना जवळजवळ घासून, झपाझप पंख मारत, पन्नासेक पावलांवर पुन्हा आत. घरट्यापाशी काय करते ते मात्र लव्हाळीच्या आतच राहिलं.

गुरुवार, पुंता रासा

आज नरक चतुर्दशी. सूर्योदयाआधी उठायचंच होतं, तर अभ्यंगस्नानही उरकून घेतलं. नाशिकहून आणलेलं उटणं पाम्पातल्या बाथरूममध्ये सांडलं आणि घरच्या बाईंना वाटलं काही मसाला आहे. भाच्याला वास देऊन उठवलं. कारिट मिळालं नाही, म्हणून त्याने दारातलं निलगिरीचं फळ पायाने फोडलं. बाईंना चकल्यांचा उरलेला डबा देऊन टाकला.

सान क्लेमेंतेच्या पलीकडे पुंता रासा. इथे रिओ दे ला प्लाता संपते आणि समुद्र सुरू होतो. वाळूवर उत्तरेतून आलेले पाहुणे: अलास्का-कॅनडात वीण करणारे हडसनचे गॉडविट चिखलात लांब चोची खुपसत होते. भरती चढत होती, वारा इतका की स्कोपची तिपाई धरून उभं राहावं लागलं. तासभर थांबलो. इथे दिवसच्या दिवस काढणारे लोक आहेत, पण माझं लक्ष परतीच्या वाटेवरच्या चराकडे होतं. तिकडे गाडी पुन्हा हळू केली तेव्हा भाच्यानेच आधी ओळखलं, “तो बघ, फुगतोय.”

संध्याकाळी उशिरा बुएनोस आयरेस.

कोणी जाणार असेल तर: ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, तेव्हा नरांना रंग चढलेला असतो आणि घरटी चालू असतात. कोस्तानेरा सुर सोमवारी बंद असतं. रुता ११ वर गाडी पूर्ण डांबराबाहेर काढूनच थांबवा, ट्रक जोरात येतात, आणि पाऊस झाल्यावर मातीच्या आडरस्त्यांवर अजिबात शिरू नका, तिथला चिखल ट्रॅक्टर आल्याशिवाय सोडत नाही. तळ्यांवर वेळ घालवू नका, चर बघा. डास भयंकर आहेत. शाकाहारींनी प्रोव्होलेता, म्हणजे शेगडीवर भाजलेलं चीज, आणि पास्कुआलिना, म्हणजे पालक भरलेला पाय, यांवर दिवस काढता येतात, पण लावायेसारख्या गावात सोमवार ते बुधवार खाणावळी उघड्या असतीलच असं नाही, तेव्हा चिवडा बरोबर असू द्या.